सही बापाची, पोट पोरीचं

मुलांच्या उपचारांना संमती कोण देतं, यावरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की उपचाराआधी आईवडिलांची सही घेतली जाते, मुलाला कुणी विचारत नाही. अर्धं पटलं. आमच्याकडं आईवडिलांना तरी कोण विचारतं?

तीन वर्षांमागं मिरजेत पुतणीचं अपेंडिक्स काढलं. वय अकरा. रात्री साडेबाराला सिस्टरनं चार पानं पुढं केली. सगळी इंग्रजी, सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या. भावानं विचारलं, "यात काय लिहिलंय?" "भुलीचं आणि ऑपरेशनचं, करा लवकर." पोरगी स्ट्रेचरवरनं बघत होती. मला म्हणाली, "काका, मी परत जागी होणार ना?" उत्तर दिलं ते वॉर्डबॉयनं. देव भलं करो त्याचं.

बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती कायद्याला चालते, ते ठीक. पण आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा: संशोधनात घ्यायचं तर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार, पुढं अठरापर्यंत लेखी. म्हणजे औषधाच्या चाचणीला पोराला विचारायचं आणि पोट फाडताना नाही!

आणि लेखात न आलेली गोष्ट. शेजारच्या कॉटवर ऊसतोड मजुराचं पोरगं होतं, हात मोडलेला. आईबाप फडात, फोन लागेना. सोबत आजी. "पालक कुठायत?" असं तिला सकाळपासून तिघांनी विचारलं. प्रत्येक वेळी ती शाई लागलेला अंगठाच पुढं करायची.