आत्ता आपला अपमान झाला का?

इंग्लंडात राहायला आलेल्या मराठी माणसाला थंडी सोसते, बिनमिठाची भाजीही सोसते. सोसत नाही ती एकच शंका: आत्ता समोरचा जे बोलला, तो आपला अपमान होता का? मराठीत हा प्रश्न पडत नाही. ‘मेल्या’, ‘गाढवा’, ‘टोणग्या’ असं काही कानावर पडलं की हिशेब जागच्या जागी पुरा होतो. इथे अपमान टपालाने येतो. दुपारी मीटिंगमध्ये झालेला रात्री भांडी विसळताना लक्षात येतो, आणि तोवर उत्तर द्यायची वेळ टळून गेलेली असते.

माझ्या मते खरी गोम ही, की इथे शब्दाचा अर्थ पाहून उपयोग नाही, त्याचा ताप मोजावा लागतो. कुणी हसत ‘यू डाफ्ट सॉड’, म्हणजे ‘अरे येड्या’, म्हणालं तर निश्चिंत असा. तुम्ही त्यांच्यातले झालात. काळजी करायची ती अदब वाढायला लागली की. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं चुकतंय. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे तुम्हाला यातलं काही कळत नाही. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ ऐकू आलं तर वाद संपला आहे आणि तुम्ही हरला आहात. पोलीस ‘सर’ म्हणाला तर गाडीची कागदपत्रं काढून ठेवावीत. ‘मेट’ हा शब्द चटकन उच्चारला तर मित्र. ‘मेऽऽट’ असा लांबला की बाहीची बटणं सुटायला लागली असं समजा.

आघातही सांभाळावा लागतो. तुम्ही केलेल्या कामाला कुणी ‘क्वाइट गुड’ म्हणालं आणि जोर ‘गुड’वर दिला, तर ती शाबासकी आहे. जोर ‘क्वाइट’वर दिला, तर तेच काम उद्या पुन्हा करायचं आहे. तुमच्या बेताला ‘ब्रेव्ह’ म्हटलं तर तो बेत तिथेच सोडून द्या. आणि तुमच्या पाठीमागे कुणी ‘ब्लेस हिम’ म्हणालं, तर तो आशीर्वाद नाही. ‘बिचारा, त्याला कुठलं जमतंय!’ असा त्याचा भावार्थ.

आता स्वतः अपमान करायचा असेल तर त्याची कृती. मूळ साहित्य दोन शब्दांचं: ‘ॲब्सल्यूट’ आणि एक निरुपद्रवी नाम. ‘यू ॲब्सल्यूट स्पॅनर.’ ‘यू ॲब्सल्यूट डोनट.’ नाम घरातलं किंवा हत्यारांच्या पेटीतलं असावं, एक-दोन अक्षरावयवांचं असावं, आणि त्या वस्तूला स्वतःचं डोकं नसावं. चमचा चालतो, लिंबू चालतं, फळी चालते, टीपॉट तर उत्तम. नवशिक्याचं बिघडतं ते तीन जागी. एक तर तो व्याकरणाच्या प्रेमात ‘यू आर ॲन ॲब्सल्यूट स्पॅनर’ असं सबंध वाक्य बोलतो. ‘आर ॲन’ आलं की अपमानाचं प्रशस्तिपत्रक होतं. दुसरं, तो डोकं असलेली वस्तू निवडतो. ‘ॲब्सल्यूट कम्प्युटर’ ऐकून समोरचा आभार मानेल. तिसरं, तो साहेबाला म्हणतो. हा माल बरोबरीच्या माणसासाठीच आहे. वर पाठवला तर उद्धटपणा होतो, खाली पाठवला तर छळ.

हे सौम्य शब्द मात्र दिसतात तेवढे गरीब नसतात. ‘बर्क’ घ्या, म्हणजे मूर्ख. म्हातारी आजीसुद्धा टीव्हीसमोर बसून मंत्र्याला ‘बर्क’ म्हणते. लंडनच्या कॉकनी लोकांची यमकाची बोली आहे, तिच्यात शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी घेतात आणि मग यमकाचा भागच गाळून टाकतात. म्हणजे चोर निघून जातो आणि त्याची चप्पल उरते. ‘बर्क’ ही ‘बर्कली हंट’ची उरलेली चप्पल. ‘हंट’शी जुळणारा शब्द कुठला, हे मी इथे लिहिणार नाही. ऑफकॉम ही प्रसारणावर नजर ठेवणारी संस्था अपशब्दांची सौम्य, मध्यम, कडक अशी प्रतवारी करते, आपल्याकडे मिसळीच्या तर्रीची करतात तशी. तो शब्द कडकमध्ये बसतो आणि रात्री ९ ते पहाटे साडेपाच या वेळेबाहेर टीव्हीवर येऊ शकत नाही. ‘प्रॅट’ आणि ‘पिलक’ हेही मूर्खच. पण ‘प्रॅट’ म्हणजे मुळात ढुंगण. ‘पिलक’ म्हणजे मुळात त्याच्या विरुद्ध बाजूचं. सगळे मूळ गावी बदनाम, आणि शहरात येऊन सभ्य झालेले.

उलट काही शब्द एकेकाळी वाघ होते, त्यांची मांजरं झाली. ‘ब्लडी’चं उदाहरण सगळ्यात चांगलं, कारण त्याची घसरण सालासकट दाखवता येते. १९१४ साली शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये लंडनच्या रंगमंचावर फुलवालीने ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हटलं आणि हशा मिनिटभर थांबेना. पुढे लोक ब्लडीच्या जागी ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणायला लागले. आपली फुलराणी ती हीच. पण त्याच नाटकावरून ‘माय फेअर लेडी’ झालं तोवर ‘ब्लडी’ला कुणी विचारत नव्हतं. तेव्हा घोड्यांच्या शर्यतीत नायिकेला घोड्याचं ढुंगण काढावं लागलं. आज ऑफकॉमच्या तक्त्यावर ‘ब्लडी’ सगळ्यात खालच्या, सौम्य पायरीवर बसलाय. शिव्यांनाही महागाई असते. शंभर वर्षांपूर्वी एका ‘ब्लडी’त जेवढा धक्का मिळायचा, तेवढ्यासाठी आता पिशवीभर शब्द लागतात.

‘बॉलक्स’चं त्याहून मौजेचं. शब्दशः अर्थ वृषण. १९७७ साली हा शब्द एका रेकॉर्डच्या नावात होता आणि ती रेकॉर्ड खिडकीत मांडली म्हणून नॉटिंगहॅमच्या दुकानदारावर खटला भरला. बचावासाठी तिथल्या विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली उभे राहिले. एकेकाळी हा शब्द पाद्र्यांसाठी वापरत आणि पुढे त्याचा अर्थ निरर्थक बडबड असा झाला, अशी साक्ष त्यांनी दिली. न्यायासनाने नाइलाजाने दुकानदाराला सोडलं. साक्ष खरी असली तरी अपुरी होती, कारण या शब्दात व्याकरणाची जादू आहे. नुसता ‘बॉलक्स’ म्हणजे थापा. ‘अ बॉलकिंग’ म्हणजे साहेबाकडून खरपूस हजेरी. आणि ‘द डॉग्ज बॉलक्स’ म्हणजे नंबर एक, लाजवाब! कुत्र्याचा मालकी हक्क लागला की त्याच अवयवाला सुवर्णपदक मिळतं. हे कुठल्याही परीक्षेला विचारत नाहीत.

पण खरा जहाल शब्द कुठला, हे २०१२ मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकावर ठरलं. अँड्र्यू मिचेल हे सत्ताधारी पक्षाचे मुख्य प्रतोद सायकलवर होते. पोलिसांनी मोठं फाटक उघडलं नाही, बाजूच्या छोट्या दारातून जायला सांगितलं. तिथे चकमक झाली. आपण ‘फ’चा शब्द वापरला हे मिचेलनी मान्य केलं. पोलिसांना ‘प्लेब’ म्हटलं, हे मात्र साफ नाकारलं. प्लेब म्हणजे रोमन काळातली सामान्य रयत. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. तरी मंत्रिपद गेलं ते त्यापायीच. पुढे अब्रूनुकसानीचा दावा कोर्टात गेला, आणि तो शब्द किंवा त्याच्या अगदी जवळचं काहीतरी मिचेल बोलले होते, असा निकाल २०१४ मध्ये लागला. ज्या देशात ‘फ’ माफ आणि ‘रयत’ गुन्हा, त्या देशात शब्दकोश घेऊन फिरण्यात अर्थ नाही. इथे आईवरून बोललेलं विसरतात, वर्गावरून बोललेलं विसरत नाहीत.

पार्लमेंटात तर याची शाळाच आहे. तिथे दुसऱ्याला खोटारडा म्हणता येत नाही. २०२१ मध्ये डॉन बटलर या खासदार पंतप्रधान खोटं बोलतात असं म्हणाल्या, आणि शब्द मागे घेतले नाहीत म्हणून त्यांना सभागृहाबाहेर काढलं. चर्चिलनी १९०६ मध्येच पळवाट शोधून ठेवली होती: ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’. शब्दयोजनेतली अयथार्थता! म्हणजे थाप. त्यातही माझी पसंती तेव्हाचे अर्थमंत्री डेनिस हीली यांना. १९७८ मध्ये विरोधी पक्षाच्या जेफ्री हाउ यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, त्यावर हीली म्हणाले, हे म्हणजे मेलेल्या मेंढीने लचका तोडल्यासारखं झालं. यात एकही अपशब्द नाही. मेंढी ठीक, पण ‘मेलेली’ कुठून सुचलं असेल!

आता जरा कॉलर ताठ करा, कारण या कारखान्याला कच्चा माल आपणही पुरवलाय. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज ‘डूलॅली’ म्हणतो. ते आपल्या नाशिकजवळचं देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत बसायचे. जहाजं थंडीच्या मोसमात सुटायची; ज्याची पाळी मोसम संपल्यावर आली, तो पुढच्या थंडीपर्यंत अडकला. ऊन, दारू, मलेरिया आणि हाताला काम नाही. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’ असा होता, आणि तो टॅप नळाचा नव्हे, तापाचा. दंगा-गोंधळाला जुन्या इंग्रजीत ‘बॉबरी’ म्हणत. ते आपलं ‘बाप रे’. ‘गूलीज’ म्हणजे गोळ्या, औषधाच्या नव्हेत. पोलिसांच्या खबऱ्याला ‘नार्क’ म्हणतात. तो बहुधा रोमानी म्हणजे जिप्सींच्या बोलीतल्या ‘नाक’वरून आला. त्या बोलीचं मूळ भारतात, तेव्हा नाकाला नाकच म्हणणार.

आणि सगळ्यात चटका लावणारा ‘चॅव’. ट्रॅकसूट, चौकड्यांची टोपी, गळ्यात जाड साखळी अशा गरीब वस्तीतल्या पोराला तुच्छतेने चॅव म्हणायची २००४ च्या सुमारास साथच आली होती. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून याची व्युत्पत्ती सांगणारे भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. शब्द रोमानी ‘छावो’वरून आला असावा, म्हणजे पोरगा, आणि त्याचं संस्कृत मूळ ‘शाव’, म्हणजे पिल्लू. त्याच शावापासून मराठीत झाला छावा. एकाच आईची दोन लेकरं: एक सह्याद्रीत सिंहाचा बच्चा झाला, दुसऱ्याला इंग्लंडच्या बसथांब्यावर हुसकून लावतात.

लंडनच्या बाहेर पडलात तर उजळणी पुन्हा पहिल्यापासून. स्कॉटलंडात मूर्खाला ‘नम्प्टी’ म्हणतात आणि त्यात बरीच माया असते. उत्तरेत ‘डाफ्ट एपथ’ ऐकू येईल. एपथ म्हणजे ‘हाफपेनीवर्थ’ची झिजून झालेली चकती, अर्ध्या पेनीच्या मोलाचा. आपला ‘दीडदमडीचा’ त्याचा सख्खा भाऊ. पबमध्ये दोन पेले मागताना बोटं दाखवायची तर तळहात समोरच्याकडे ठेवा. हाताची मागची बाजू समोर गेली की तीच दोन बोटं शिवी होतात. खुद्द चर्चिलही १९४१ मध्ये आधी तो हात उलटा धरायचे. ही खूण १४१५ च्या ॲजिनकोर्टच्या तिरंदाजांपासून आली, असं पबमध्ये कुणी छातीठोक सांगेल. त्याला पुरावा नाही, पण पेला त्याने पाजला असेल तर मान हलवावी.

पोरांची भाषा मात्र या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. लंडनच्या मिश्र वस्त्यांत कॅरिबियन, आफ्रिकी, बंगाली, पंजाबी मुलांनी मिळून नवीच बोली उभी केली आहे. ‘वेस्टमन’ म्हणजे कुचकामी माणूस, ‘नीक’ म्हणजे पुस्तकी किडा, आणि ‘मॉइस्ट’, म्हणजे नुसता ओलसर, हा भयंकर अपमान आहे. पुरुषाला ओलसर म्हटलं की तो इतका का चिडतो, हे ज्याला समजलं त्याने मलाही समजावावं. क्रॉयडनच्या एका शाळेने २०१३ मध्ये ‘बेअर’, ‘इनिट’ वगैरे शब्दांवर बंदीचा फलक लावला. बंदीने काही होत नाही. या शब्दाला मारायचा उपाय एकच: चाळिशीच्या बापाने तो जेवणाच्या टेबलावर एकदा वापरावा. दुसऱ्या दिवशी पोरगं नवा शब्द घेऊन येतं.

आपल्या माणसांनी आपल्याच माणसांसाठी ठेवलेले वेगळे. नुकत्याच भारतातून आलेल्याला इथे वाढलेली देशी पोरं ‘फ्रेशी’ म्हणतात. आणि फार गोऱ्यासारखा वागणाऱ्याला ‘कोकोनट’: बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. यावर तर खटलाही झाला. ११ नोव्हेंबर २०२३ ला लंडनच्या मोर्च्यात एका शिक्षिकेने फलक धरला होता; त्यावर नारळाच्या झाडाखाली तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचे चेहरे. कोर्टात वंशभेदाच्या अभ्यासकांच्या साक्षी झाल्या, कोकोनट म्हणजे नेमकं काय याचा कीस पडला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बाई निर्दोष सुटल्या. ब्रेव्हरमनबाईंचे वडील मूळ गोव्याकडचे. गोव्याच्या घरात नारळाचा राग धरला तर सकाळची कढी कशात करायची?

त्या मोर्च्यानंतर दोनच दिवसांनी सुनकनी ब्रेव्हरमनबाईंना मंत्रिपदावरून काढलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी यावर रकानेच्या रकाने लिहिले, पण सुनकनी बाईंना नारळ दिला एवढं साधं वाक्य त्यांतल्या एकालाही लिहिता येणार नव्हतं.