पहिल्या रात्रीचा वकील

एखादा भयंकर गुन्हा घडला की दोन दिवसांत बातमी येते: अमुक तालुक्याच्या वकील संघाने आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला टाळ्या पडतात. असे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच बजावलंय, तरी ते होतातच. मग मला हटकून विचारलं जातं, "तुमच्या इंग्लंडात असल्यांचे एवढे लाड होतात का गं?"

होतात, पण वेगळ्या ठिकाणी. इथे १९८४ च्या पोलीस कायद्याने अटक झालेल्या कुणालाही, अगदी लखपतीलाही, पोलीस स्टेशनातच मोफत वकील मिळतो. रात्री दोनलासुद्धा. तो आधी आरोपीशी एकांतात बोलतो आणि मग रेकॉर्ड होणाऱ्या जबाबाच्या वेळी शेजारी बसतो. कोर्टात गेल्यावर मात्र घरातलं उत्पन्न तपासलं जातं. याबाबतीत आपला १९८७ चा विधी सेवा कायदा जास्त उदार: कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता वकील. हे घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

आपल्याकडे घोडं अडतं ते वकील कधी मिळतो यावर. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येईल, पण पूर्ण वेळ नाही, असं फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम ३८ म्हणतं. कसाबच्या अपिलात, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वकील देऊ करण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर टाकली, तीही आरोपी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहील तेव्हापासून. त्याआधीच्या रात्रीचं काय?

माझा वकील मावसभाऊ म्हणतो, पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही, मग घाई कसली? पण "कोयता मी दाखवतो" म्हणत आरोपीने वस्तू काढून दिली, की तेवढं निवेदन पुराव्यात येतं. ते पंचांसमोर लिहून घेतात, त्याला मेमोरँडम पंचनामा म्हणतात; कित्येक खटले त्यावरच उभे असतात. तो होताना आरोपीच्या बाजूचं कुणीच नसतं. पुढे लीगल एडचा, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा, वकील कितीही हुशार मिळाला तरी तो त्या कागदाशीच झगडत राहतो. आणि आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत साधारण तिघे कच्चे कैदी आहेत.

२०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत फक्त फौजदारी बचावाचं काम करणारे पगारी वकील नेमले जाताहेत, हे चांगलंच. पण ते करारावर आहेत आणि त्यांचं काम मुख्यतः कोर्टात. पैशाची काटकसर कुठे नेते ते इथे इंग्लंडात दिसलं: २०२२ मध्ये फौजदारी बॅरिस्टरांनी बेमुदत संप केला, तो फीच्या १५ टक्के वाढीवर मिटला. पोलीस स्टेशनला धावणारे वकील तर कमीच होत चाललेत.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ठाण्यांपासून सुरुवात करा. आजच्या रात्रपाळीच्या वकिलाचं नाव आणि नंबर भिंतीवर लावा, त्याला फोन किती वाजता केला ते स्टेशन डायरीत लिहा, आणि त्या रात्रीचे पैसे त्याला वेळेवर द्या.