पन्नास मैल म्हणजे काहीच नाही म्हणे!

आज सकाळी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या, मराठी ग्रुपवर एका विद्यार्थिनीने विचारलं, शनिवारी शॅम्पेनहून ब्लूमिंग्टनला कुणी येणार आहे का, मला सोबत घ्याल का? एका साहेबांनी लगेच उत्तर टाकलं, "पन्नास मैल तर आहे, लायसन्स काढून टाक की!" खाली हसरे चेहरे. डोकंच फिरलं माझं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे ब्लूमिंग्टनला आले होते. त्यांचे जिवलग मित्र, आमचे नाना, नेमके तेव्हाच लेकीकडे शॅम्पेनला. कराडात हे दोघे रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर भेटणारे. बाबांनी अंतर विचारलं. ऐंशी किलोमीटर म्हटल्यावर केवढे खूश! "म्हणजे कराड-कोल्हापूरच की. स्टँड कुठंय?"

पंचाहत्तरी उलटलेला माणूस. एसटीत तिकीटसुद्धा लागत नाही. मनात आलं की पिशवी घेऊन निघतो, अंबाबाईचं दर्शन घेऊन जेवायला घरी. त्यांना काय सांगणार मी, की इथे स्टँड म्हणजे आमची गाडी आणि कंडक्टर म्हणजे माझी रजा?

बस आहे, मान्य. पण तिच्या वेळा तिच्या सोयीच्या, आणि उतरल्यावर घरापर्यंत न्यायला पुन्हा कुणीतरी लागतंच. मग बाबा रेल्वेच्या मागे लागले. ब्लूमिंग्टनला लागूनच असलेल्या नॉर्मल गावाहून गाडी थेट शिकागोला, सुमारे 124 मैल. तिथून दुसरी गाडी पकडून खाली शॅम्पेनला, आणखी 129. पन्नास मैलांवरच्या मित्रासाठी अडीचशे मैल! बाबांनी सगळ्या वेळा वहीत सुबक उतरवून काढल्या आणि म्हणाले, "चालतंय की, शिकागोपण बघून होईल." थट्टा नव्हती ती.

बरं, हा मुलुख पहिल्यापासून असा नव्हता. वकिली करताना लिंकन याच भागातल्या कोर्टांत घोड्यावरून, बग्गीतून फिरायचा. ब्लूमिंग्टन आणि शॅम्पेनला चिकटलेलं अर्बाना, दोन्ही त्याच्या फेरीत. पुढे इलिनॉय टर्मिनल कंपनीची विजेवरची रेल्वे आली. डिकेटरमार्गे का होईना, शॅम्पेन आणि ब्लूमिंग्टन तिने जोडलेली होती. 1950च्या दशकात तिची प्रवासी सेवा संपली. मोटारी आल्या, हायवे आले, लोकांनीच पाठ फिरवली. मक्याच्या शेतांतून रिकाम्या गाड्या कोण पळवणार, हेही खरंच म्हणा.

आणि मलाही आय-74 हायवेवरून जायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पवनचक्क्या, फार्मर सिटी, मॅन्सफिल्ड, दोन्ही बाजूंना मका. गाणी लावली की तासाभरात पोचते मी. मी! बाबा मात्र खिडकीशी बसून नानांना फोनवर विचारायचे, "तिकडं पाऊस हाय का रं?" रोज. भेट व्हायची ती मला सवड मिळेल तेव्हा. ती मागतानाही एवढे अवघडायचे, की पाहुण्याकडे दुसऱ्यांदा चहा मागतोय जणू.

आपल्यातल्या किती जणींनी डिपेंडंट व्हिसावर अशीच वर्षं काढली आहेत? तेव्हा भाजीलासुद्धा कुणाची तरी वाट बघत बसणाऱ्या आपण, आज त्या पोरीला हसतो? आणि तीही लाल डब्याने गावोगाव फिरून मोठी झालेली माणसं!

त्या मुलीला मी मेसेज केलाय, शनिवारी मी घ्यायला येते. आणि कमेंटमध्ये "उबर कर" असं कुणी लिहू नका, भाडं बघून झालंय माझं.