वेढण्याची घनता

सातवीच्या विज्ञानात घनता आली आणि आमच्या घरातली एकेक वस्तू पाण्यात जाऊ लागली. गृहपाठ दिसायला गरीब होता. घरातल्या पाच घन वस्तू घ्यायच्या, प्रत्येकीचं वस्तुमान मोजायचं, आकारमान मोजायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. वस्तुमानासाठी माझा ओट्यावरचा डिजिटल वजनकाटा होता. त्याला एका ग्रॅमच्या आतलं काही दिसत नाही. आकारमानासाठी 100 मिलीचं काचेचं मोजपात्र विकत आणलं. त्याच्यावर दर मिलीला एक रेघ.

‘वजन’ हा शब्द तेवढ्यापुरता घरातून हद्दपार झाला. “आई, वजन न्यूटनमध्ये असतं. तू किलो म्हणतेस ते वस्तुमान,” हे मुक्ताने मला ऐकवलं ते भाजीवाल्यासमोर. त्याने निमूटपणे दोन किलो वस्तुमानाचे बटाटे दिले आणि पैसे मात्र नेहमीचेच घेतले.

पहिली वस्तू बटाटाच. तो मोजपात्रात जाईना, म्हणून त्याचे लांब काप केले. 54 ग्रॅम काप, पाणी 30 वरून 80 वर, म्हणजे घनता 1.08. उत्तर असं सुरेख आलं की आता शास्त्रज्ञ होणं फार लांब नाही असं आम्हाला वाटलं. कापांची लगेच भजी झाली. दुसरी वस्तू सासूबाईंनी सुचवली, खडीसाखर. तिचं आकारमान वाचायला सासरे चष्मा शोधत गेले, ते परत येईपर्यंत वस्तूच नव्हती. मग तिच्या जागी खोडरबर आणि तिसरा गच्चीतल्या कुंडीतला काळा दगड. दगडाने 2.9 दिले. सह्याद्रीचा बेसाल्ट तेवढाच भरतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

चौथी वस्तू धातूची हवी असं बाईंनी सांगितलं होतं. चमचा लांब, अडकित्ता रुंद, कुलूप गंजेल. तेवढ्यात मुक्ताची नजर माझ्या बोटातल्या वेढण्यावर गेली. हे वेढणं लग्नात सासूबाईंनी मला घातलेलं. त्यांच्या माहेरच्या सोनाराने घडवलेलं, जुन्या हिशेबाने एक तोळ्याचं, म्हणजे 11.66 ग्रॅम.

काट्याने 12 दाखवले. “बघ, तोळ्याला वरच भरलं!” सासूबाई म्हणाल्या. काटा पूर्ण आकडा करून दाखवतो हे सांगायला मुक्ताने तोंड उघडलं, तिला मी कोपराने थांबवलं. सुखाचे प्रसंग घरात तसेही कमी.

वेढणं दोऱ्याने पाण्यात सोडलं. काचेला लागून पाणी जरासं वर चढतं, मधे खोलगट होतं. त्या खोलगट भागाच्या तळाशी डोळा नेऊन वाचायचं, असा नियम आहे. मुक्ताने ओट्याला हनुवटी टेकवून वाचलं, “एक मिली.” बारा भागिले एक, बारा. तिने मोबाइलवरचा तक्ता काढला आणि निरागसपणे वाचू लागली, “सोनं 19.3... तांबं 8.96... शिसं 11.3. आजी, हे शिशाच्या जवळ येतंय.”

मी खाली मान घालून कोथिंबीर निवडत राहिले. अशा वेळी कोथिंबिरीला तोड नाही.

“माझ्या वडिलांचा सोनार!” सासूबाईंचा आवाज चढला. सासरे न्यायनिवाडा करायला पुढे झाले. त्यांनी चष्म्याच्या खालच्या भिंगातून पाहून अर्धा मिली ठरवला. बारा भागिले अर्धा, चोवीस. मुक्ताने पुन्हा तक्ता पाहिला. निसर्गात मिळणाऱ्या मूलद्रव्यांत सगळ्यांत जास्त घनतेचं ऑस्मिअम, ते 22.6 ला थांबतं. म्हणजे माझ्या बोटात एक तर शिसं होतं, नाही तर पृथ्वीवर न सापडणारा धातू. दुसरी शक्यता सासूबाईंना अजिबात अतिशयोक्त वाटली नाही.

खरा घोटाळा रेघांचा होता. बावीस कॅरेटचं सोनं साधारण 17.7 भरतं, त्या हिशेबाने एका तोळ्याने सरकणारं पाणी एका रेघेच्या दोन तृतीयांशाइतकं. ते अर्धं दिसणार की पूर्ण, हे बघणाऱ्याच्या स्वभावावर. “वस्तू लहान असली की चूक मोठी दिसते,” मुक्ता म्हणाली, “सोनं वाढवायला हवं.” हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं या घरात बोलून पाहत होते. विज्ञानाच्या तोंडून ते आल्याबरोबर कपाट उघडलं.

पॅरिसजवळ सेव्हर गावात प्लॅटिनम-इरिडिअमचा एक दंडगोल आहे. 20 मे 2019 पर्यंत जगातला किलोग्रॅम म्हणजे तोच. त्याची तिजोरी उघडायला तीन वेगळ्या माणसांकडच्या तीन किल्ल्या लागायच्या. आमच्याकडे किल्ली एकच आणि ती सासूबाईंच्या कमरेला, पण उघडण्याचा सोहळा तेवढाच. मंगळसूत्र काळ्या मण्यांमुळे बाद झालं, तोडे आतल्या लाखेमुळे. भरीव पाटल्या, वेढणी, वळी तेवढी निवडली. काट्यावर 105 ग्रॅम.

“म्हणजे नऊ तोळे,” सासऱ्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “मला तू सात सांगितले होतेस.”

“तुम्ही मोजायला कधी बसला होतात?” सासूबाई म्हणाल्या. तो विषय तिथे थांबला, निदान आमच्यासमोर.

पाटल्या मोजपात्रात जाईनात. मग बाईंनी शिकवलेली युक्ती मुक्ताने काढली. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि दागिने दोऱ्याने पाण्यात लोंबकळत धरायचे, तळाला टेकू द्यायचे नाहीत. काटा दाखवतो ते सरकलेल्या पाण्याचं वस्तुमान आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली. दोरा धरायचा मान सासूबाईंनी कोणाला दिला नाही. त्यांचा हात थरथरत होता, आकडा पाच-सहा करत होता. अखेर सहावर टेकला.

105 भागिले 6. साडेसतरा!

“मग 19.3 का नाही?” सासऱ्यांनी अजून आशा सोडली नव्हती. चोवीसपैकी बावीसच भाग सोनं, बाकी हलकं तांबं-चांदी, हे नातीने त्यांना कागदावर समजावून दिलं. सोनार निर्दोष सुटला. सासूबाईंनी दागिने पंचाने पुसले, मोजले, पुन्हा मोजले आणि जागच्या जागी ठेवले.

“अजून एक वस्तू राहिली,” मुक्ता वही उघडून म्हणाली.

सासूबाईंची नजर सावकाश फिरत माझ्या मनगटावर आली. तिथे माझ्या माहेरच्या बांगड्या होत्या. दिसायला घसघशीत. आतून काय आहे ते माझ्या आईला, मला आणि आमच्या सोनाराला ठाऊक.

“हिच्याकडच्यांची काढ गं घनता,” सासूबाई प्रेमाने म्हणाल्या.

“पाचवी वस्तू रताळं,” मी म्हटलं आणि विळी पुढे ओढली.