उतरा, ढकलत न्या

आज कामावर पोचलो तेव्हा माझा उजवा बूट काळा होता आणि डावा त्याहून काळा. बूट मुळात तपकिरी आहेत. सुपरवायझरनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "हायवे बंद होता का?"

हायवे बंद नव्हता. तो कधीच बंद नसतो, हेच तर दुखणं आहे. सोलापूरच्या बाळ्यापासून चिंचोळीच्या एमआयडीसीपर्यंत पुणे-हैदराबादचा सगळा माल माझ्या उजव्या कोपराला घासून जातो. त्यात जानेवारी, म्हणजे गाळप ऐन भरात. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, हा अभिमान भाषणात बरा वाटतो. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकल्यावर वाटत नाही. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि डेक एवढ्या आवाजात की आपला हॉर्न ड्रायव्हरला गाण्यातलाच वाटतो. वर राँग साइडनं येणारे. ते येतात उलटे आणि खुन्नस देतात आपल्याला.

म्हणून मी कच्चे रस्ते शोधत असतो. बार्शी रोडनं बाहेर पडायचं, गुळवंची-कारंब्याच्या पुढं कुठंतरी डावीकडं आत शिरायचं आणि मोबाइलच्या नकाशातली करडी बारीक रेघ धरून चिंचोळीकडं सरकायचं. लांब पडतं, वेळ जातो, घरचे येड्यात काढतात. पण या दिवसांत दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेली मालदांडी, हुरड्यात आलेली. कडेला करडईची पिवळी बोंडं. मचाणावर गोफण घेऊन उभी असलेली एखादी बाई पाखरांना आणि मला एकाच नजरेनं बघते. टिटवी ओरडत डोक्यावरनं जाते. क्वचित माळावर काळवीट दिसतं. माळढोक मात्र दिसत नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. कागदावर एके काळी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, म्हणजे सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्या पक्ष्याच्या नावावर. जमिनीच्या व्यवहाराला परवानगी मागताना लोकांनी त्याला इतक्या शिव्या घातल्या की तो तोंड दाखवेनासा झाला तर नवल नाही.

माझे काही मित्र असल्याच रस्त्यावर चालवायला लाखांच्या गाड्या घेतात, गुडघ्याला ढोपरपट्ट्या बांधतात आणि लडाखला जातात. मी टिफिन लावून हंड्रेड सीसीवर जातो. त्यांचे रील निघतात. माझं आज जे शूटिंग झालं ते तहसील कचेरीत लागणार आहे.

गावाचं नाव सांगत नाही. केस चालू आहे.

वाटेवर बाभळीखाली बाज टाकून एक म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. हात आडवा केला.

"कुठं चाललाव?"

"चिंचोळीला. कामावर."

"डांबरी हाय की."

"हाय, पण ही वाट छान आहे, मामा."

झालं. माझं काहीतरी काळंबेरं आहे याची त्याला तिथंच खात्री पटली. "सुरत-चेन्नईवालं का शक्तिपीठवालं?" नव्या महामार्गांच्या मोजणीचा माणूस नाही म्हटलं. "मग प्लॉटिंग?" तेही नाही. म्हातारा जरा पुढं वाकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "कुणाचं देणं हाय का? हायवेला हुबारल्यात व्हय?"

मी टिफिन दाखवला. टिफिन बघून तो थोडा निवळला. मग म्हणाला, "जावा. पर उतरा. गाडी बंद करा आन् ढकलत न्या."

"का?"

त्यानं फाइल उघडली. गावनकाशाची झेरॉक्स. तीवर एक तुटक रेघ, घडीवर येऊन पुसट झालेली. "एकेरी तुटक म्हंजी पायमार्ग. सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक असती तर गाडीमार्ग. ही कसली हाय? एकेरी. तुमी गाडीवर बसून गेलाव की वहिवाट झाली."

"दुहेरी हाय ती!" बांधापलीकडनं आवाज आला. खोरं घेऊन दारं धरत उभा असलेला दुसरा एक गृहस्थ. म्हाताऱ्याचा चुलतभाऊ, हे ओळखायला कुणी सांगायला लागत नाही. "घडीवर पुसलीय! बसा हो साहेब, बसून जावा, कोण आडवतंय बघतो मी!" आणि खोरं टाकून त्यानं मोबाइल काढला. "टायरचा ठसा नीट उमटू द्या!"

वाटेवर वहिवाट आधीपासून होती, हे दाखवता आलं की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो; अर्ज मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. हे मला दोघांनी एकाच वेळी, दोन बाजूंनी, दोन वेगळे अर्थ लावून सांगितलं. सहा महिने संपत आले होते. इंग्रजांच्या काळातला कायदा इतकी वर्षं दबा धरून बसला होता आणि नेमका माझ्या मागच्या टायरवर येऊन पडला.

"ढकलली तरी टायर उमटणारच की, मामा."

म्हाताऱ्यानं विचार केला. खरंच केला, तंबाखू थुंकून परत केला. "उमटू दे. पर बाजूला बुटाचा ठसा पायजे. दोन्ही बाजूला."

"दोन्ही?"

"एकाच बाजूला आला तर त्यो म्हणंल, गाडीवर बसून पाय टेकत गेला. निम्म्यात बाजू बदला."

रात्रीच्या लायटीवर सोडलेलं पाणी फुटून वाटेवर आलं होतं. काळ्या रानाचा चिखल ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. पुढच्या चाकात आणि मडगार्डात तो असा गच्च बसला की चाक फिरेचना. बाभळीची काटकी घेऊन मी तो उकरत होतो, तो निघत होता आणि बुटाला लागत होता. चुलतभावाला म्हटलं, जरा हात लावा. "मी हात लावला तर माझीच गाडी हाय म्हणंल त्यो." म्हाताऱ्याचंही तेच. म्हणजे दोघांचं एका मुद्द्यावर एकमत होतं. मी बाजू बदलली तेव्हा म्हातारा बाजेवरनं उठून ठसे बघायला आला आणि एक पुसट आहे म्हणून परत उमटवून घेतला.

संपल्यावर दोघांनी हुरड्याला थांबायचा आग्रह केला, वेगवेगळ्या आगटीवर. एकाकडं बसलो असतो तर दुसऱ्याच्या फाइलला लागलं असतं. गरम हुरडा, शेंगाचटणी, सगळा वास नाकात घेऊन मी उपाशी निघालो. याचा राग मला चिखलापेक्षा जास्त आहे.

आणि खरं सांगायचं तर भांडण आहे कशाचं? दरसाल नांगरट करताना दोन्हीकडनं एकेक तास वाटेत घुसतो. सव्वाआठ फुटांतले आता चार तरी उरलेत का, देव जाणे. पाणंद रस्त्यांवर मुरूम-खडी टाकायची सरकारी योजना आहे, ती इथं आली की माझी वाट गेली. पण ऊस रानात वाळतोय, पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवरनं डांबरीपर्यंत न्यावं लागतं, त्यांना माझ्या करडईच्या फुलांचं काय? हे मला कळतं. पण ठसे माझ्याच बुटाचे कशाला? मी कुणाचा कोण?

दोघांनीही माझा नंबर घेतला आहे. संध्याकाळी दोघांचेही फोन येऊन गेले. म्हाताऱ्याला साक्षीला मी पायी गेलेला माणूस म्हणून हवा आहे, चुलतभावाला दुचाकीस्वार म्हणून. चुलतभावाच्या वकिलांनी आरसी बुकाची झेरॉक्स मागितली आहे. म्हातारा म्हणतो फक्त बूट आणा, धुऊ नका.

तारीख बुधवारी आहे. बुधवारी मला सुट्टी मिळत नाही, आणि सुपरवायझरला कारण काय सांगायचं तेही सुचेना.