जीपीएस बसवा, पण बेताने

साहेब, तुमच्या पालिकेतही घंटागाड्यांना जीपीएस बसवायचा ठराव झाला म्हणे. अभिनंदन! स्वच्छ सर्वेक्षणाचा एक रकाना भरला. आता एवढंच सांभाळायचं, की त्या यंत्राला नको ते कळता कामा नये.

सुरुवात वायरिंगपासून करा. बॅटरीची लाल, अर्थिंगची काळी आणि तिसरी इग्निशनची. ही तिसरी वायर चावीच्या स्विचला जोडली की इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, टपरीसमोर किती वेळ नुसतंच घरघरलं, सगळं चव्हाट्यावर येतं. म्हणून ती थेट बॅटरीवर द्या. गाडी चोवीस तास ‘चालू’ दिसेल आणि डिझेल गेलं कुठे, हा प्रश्नच मिटेल. इंजिन रात्रंदिवस चालूच होतं ना!

यंत्र डॅशबोर्डवर, थेट काचेखाली ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद केबिनचं तर विचारूच नका. यंत्राच्या पोटातली छोटी बॅटरी फुगून निकामी होते. कुणी लाल वायर उपटली, तर तसा निरोप धाडण्यापुरतीच ती असते. ती मेली की वायर उपटा नाहीतर कापा, यंत्र गप्प. सावलीची जागा शोधून, फ्यूज टाकून, वायरी टेपने नीट बांधणारा फिटर आलाच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग येते जिओफेन्स. कचरा उचलायच्या प्रत्येक ठिकाणाभोवती नकाशावर एक वर्तुळ आखतात आणि गाडी आत शिरली की ठिकाण हिरवं होतं. गल्लीबोळांच्या गावात तीस-चाळीस मीटरची त्रिज्या रास्त, शिवाय दोन मिनिटं तरी थांबल्याची अट हवी. तुम्ही त्रिज्या पाचशे मीटर ठेवा आणि थांबण्याची अट शून्य. गाडी स्टेशन रोडने एकदा सुसाट गेली, की दोन्ही बाजूंच्या पेठा स्वच्छ! गल्लीतल्या बाया उकिरड्याचे फोटो पाठवतील. त्यांना हिरवा नकाशा पाठवा.

पाण्याच्या टँकरचं काम जरा नाजूक, कारण खेपांचं बिल जीपीएसच्या अहवालाशी ताडून निघतं. टँकर गावात फिरवण्याऐवजी त्याचं यंत्रच काढून मोटारसायकलला लावायचं आणि नकाशावर खेपा पुऱ्या करायच्या, ही युक्ती जुनी आहे. पण यंत्र व्होल्टेजही नोंदवतं. मोठ्या टँकरची यंत्रणा चोवीस व्होल्टची, चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास दिसते. मोटारसायकलची बाराची, ती चौदावरच राहते. एवढ्यावरून भांडं फुटतं. तेव्हा अहवालातून व्होल्टेजचा रकानाच काढायला सांगा. लग्नसराईत टँकर मांडवाशी उभा राहिला तरी घाबरू नका. नकाशावर नुसता ठिपका दिसतो. त्या जागेला मंगल कार्यालयाचं नाव देऊ नका म्हणजे झालं. (हिवाळ्यात हाच ठिपका एखाद्या मळ्यात सापडतो. भरीत पार्टीला पाणी काय पायी जाईल?)

डिझेल टाकीतला सेन्सर मात्र खरा वैरी. टाकी पूर्ण रिकामी करून, दहा-दहा लिटर मोजून ओतत, प्रत्येक वेळचं रीडिंग टिपलं तर तो सहसा फसत नाही. म्हणून दोनच रीडिंग घ्या, रिकामी आणि भरलेली. टाकीचा आकार तळापासून तोंडापर्यंत सारखा नसतो, त्यामुळे मधले आकडे आपोआप चुकतात. दोनदा खोटी चोरी पकडली गेली आणि ड्रायव्हर मंडळींनी कामबंदची धमकी दिली, की सेन्सर काढून टाकायचा ठराव एकमताने होतो.

इशारे कुणाच्या मोबाईलवर पाठवायचे? मुकादमाच्या. वेगमर्यादा ताशी वीस ठेवा, म्हणजे दिवसभर मोबाईल टुणटुण वाजत राहील. चार दिवसांत तो आवाज बंद करील आणि वायर उपटल्याचा निरोपही त्याच ढिगाऱ्यात जाईल. यंत्रातल्या सिमकार्डाचं रिचार्ज आरोग्य विभागाने करायचं की वाहन विभागाने, हे मात्र करारात लिहू नका. रिचार्जच्या टिपणीची फाईल दोन्ही टेबलांवर फिरत राहील आणि तोवर गाड्या नकाशावर जिथे होत्या तिथेच राहतील. पाहुण्यांना दालनातल्या मोठ्या टीव्हीवर दाखवायला तेवढं पुरतं.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माहिती ठेकेदाराच्या सर्व्हरवर फक्त नव्वद दिवस राहील, अशी अट घाला. लेखापरीक्षक येतो वर्ष-दोन वर्षांनी. त्याने मागितलंच तर ‘तांत्रिक कारणास्तव माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी द्या आणि जावक क्रमांक टाकायला विसरू नका.