जेवून घेतली म्हणून दुखण्याची गोळी निर्धोक होत नाही

'सांधेदुखीची गोळी पोटभर जेवून घ्या, मग रोज घेतली तरी काही होत नाही. पोट नाजूक असेल तर इंजेक्शन घ्या. एका गोळीने भागलं नाही तर दुसरी जोडा. जेल म्हणजे नुसता थंडावा.' हा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही येऊन धडकलाय, आणि त्याला 'लाइक' देणाऱ्यांत बीपीच्या गोळ्या घेणारी ज्येष्ठ माणसं आहेत. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी जेवणाचं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि वेदना वाढवणारं रसायन) तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज उतरते. पण जठराच्या अस्तरावरचा संरक्षक थरही प्रोस्टाग्लँडिनमुळेच टिकतो. औषध रक्तात मिसळलं की तो थरही विरळ होतो, मग ते गोळीतून गेलेलं असो की इंजेक्शनातून. जेवणानंतर घेतल्यास जळजळ, मळमळ कमी वाटते, एवढं मान्य. अल्सर, म्हणजे जठराच्या अस्तराला पडणारी जखम, त्याने टळत नाही. कित्येकांचा अल्सर दुखतसुद्धा नाही; पहिली खूण म्हणजे संडासला डांबरासारखं काळं, चिकट होणं. तसं झालं तर गोळी बंद आणि तडक हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, ॲस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घ्यावीच लागली तर सोबत ओमेप्राझोलसारखं औषध लागतं, बहुधा २० मिलिग्रॅम, रोज, जेवणाआधी अर्धा तास. जळजळ झाल्यावर प्यायलेलं अँटासिड हे काम करत नाही.

आणि ओमेप्राझोल सांभाळतं ते पोट. हृदय आणि किडनी नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली शेकडो चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. रोज १५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटना सुमारे एक तृतीयांशाने वाढल्या: हजार माणसांमागे वर्षाला साधारण तीन जास्त, त्यातली एक जिवावर बेतणारी. किडनीचा धोका सर्वांत मोठा असतो तो रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, असं त्रिकूट जमलं की. त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर किडनी काही दिवसांत बसू शकते. पाय सुजणं, लघवी कमी होणं, वजन झपाट्याने वाढणं या खुणा.

याच प्रकारची दुसरी गोळी जोडायचा सल्ला तर निव्वळ धोकादायक. आराम दुप्पट होत नाही, अपाय वाढतो. स्ट्रिपवरचं ब्रँडचं नाव नको, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषध वाचा. दोन वेगळ्या नावांत एकच औषध निघतं.

राहिलं जेल. गुडघा आणि हाताच्या सांध्यांना ते खरोखर उपयोगी पडतं, आणि गोळीच्या मानाने फारच थोडं औषध रक्तात जातं. खुब्याचा सांधा खोल असल्याने तिथे उपयोग नाही. एक टक्का डायक्लोफेनॅक जेल गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चारदा. वाटाण्याएवढं लावून 'फरक नाही' म्हणण्यात अर्थ नाही. वर पट्टी बांधू नका, शेक देऊ नका. लावून झालं की हात धुवा. जेल हाताच्याच सांध्यांना लावलं असेल तर मात्र तासभर हात धुवू नका.